नेपाळला मिशन ट्रिपला जायचंय? आधी हे वाचा, मग तिकीट काढा

आमच्या मंडळीतून (म्हणजे चर्चमधून) आत्तापर्यंत तीन वेळा टीम नेपाळला गेलीय आणि तिन्ही वेळा मी होतो, पहिल्यांदा नुसता गिटारवाला म्हणून आणि नंतर दोनदा टीम घेऊन. आता दर वर्षी जानेवारी-फेब्रुवारीत कुणीतरी युवक संघातला पोरगा नाहीतर दुसऱ्या गावच्या मंडळीतले कुणी अंकल फोन करतात की तुम्ही कसं केलं, खर्च किती आला, पासपोर्ट लागतो का. प्रत्येकाला तेच तेच सांगून दमलो म्हणून एकदाच लिहून काढतोय. लांबलंय खूप, पण कायद्याचा भाग तरी घाईत वाचू नका.

आधी पहिल्या ट्रिपची गोष्ट सांगतो, कारण पुढचं सगळं त्यातूनच शिकलोय. आम्ही ११ जण होतो, तराईतलं, म्हणजे नेपाळच्या दक्षिणेकडच्या सपाट पट्ट्यातलं एक गाव, संध्याकाळची बाजाराची वेळ, आणि भर चौकात आम्ही बायबलमधल्या उधळ्या पुत्राच्या गोष्टीचं स्किट केलं, मोडक्या हिंदीत, मग पत्रकं वाटली, पोरांना बिस्किटं वाटली. ही गर्दी झाली. आम्ही जाम खूश, रात्री प्रार्थनेत रडलो बिडलो. दोन दिवसांनी आम्ही गोरखपूरहून परतीच्या ट्रेनमध्ये अंताक्षरी खेळत होतो तेव्हा तिकडे आम्ही ज्यांच्या मंडळीत गेलो होतो त्या पास्टर दाइंना (दाइ म्हणजे दादा) चौकीत बोलावून पाच तास बसवून ठेवलं होतं, हे बाहेरचे लोक कोण, पत्रकं कुणी छापली, पैसे किती दिले. आणि पुढच्या महिन्यात घरमालकाने उपासनेचा हॉल खाली करायला सांगितला. आम्हाला हे कळलं दीड महिन्याने, तेही त्यांनी नाही सांगितलं, त्यांच्या मुलीने बोलता बोलता सांगितलं. आपण दहा दिवसांनी घरी येतो, त्यांना त्याच चौकात रोज भाजी आणायला जायचं असतं. तेव्हापासून काहीही ठरवताना मी एकच विचारतो, आपण गेल्यावर पास्टरला याचा त्रास होईल का.

तर कायदा. नेपाळ २००८ पासून प्रजासत्ताक आहे आणि २०१५ च्या राज्यघटनेत देश धर्मनिरपेक्ष आहे असं लिहिलंय, पण त्याच घटनेच्या कलम २६ मध्ये असंही आहे की आपला धर्म पाळा, दुसऱ्याचा धर्म बदलवू नका. मग २०१७ मध्ये नवीन फौजदारी संहिता आली, ऑगस्ट २०१८ पासून लागू, तिच्या कलम १५८ मध्ये धर्मांतर करवणं, तसा प्रयत्न करणं, त्याला चिथावणी देणं या सगळ्याला पाच वर्षांपर्यंत कैद आणि पन्नास हजार नेपाळी रुपयांपर्यंत दंड आहे. परदेशी माणूस असेल तर शिक्षा भोगून झाल्यावर सात दिवसांच्या आत देशाबाहेर. "प्रयत्न" हा शब्द नीट बघा. कुणी ख्रिस्ती झालाच पाहिजे असं काही नाही, चौकातलं आमचं स्किट आणि पत्रकं एवढं पण पुरतं. आणि आपण भारतीय, व्हिसा लागत नाही, भाषा जवळची, म्हणून आपण परदेशी नाही असं आपल्याला वाटत राहतं. आहोत आपण परदेशी.

म्हणजे काय करायचं? मंडळीच्या इमारतीत, पास्टरच्या बोलावण्यावरून, विश्वासी, म्हणजे आधीच ख्रिस्ती असलेल्या लोकांसोबत गाणं, शिकवणं, साक्ष देणं (प्रभूने आपल्यासाठी काय केलं ते सांगणं), इथपर्यंत आम्ही जातो. बाहेर काय करायचं ते पास्टर ठरवतील, आणि ते "नको" म्हणाले तर नको, त्यावर "पण प्रभूने मला सांगितलंय" असं म्हणणाऱ्याला टीममध्ये घेऊच नका (आमच्याकडे एक होते, फार गोड माणूस, पण दुसऱ्या वेळी घरीच ठेवलं). पत्रकं इथून छापून नेऊ नका. बिस्किटं, कपडे, वह्या वाटायच्या आणि त्याच जागी प्रार्थना घ्यायची हे तर अजिबात नको, कारण "आमिष दाखवून" हा आरोप नेमका तिथेच चिकटतो. २५ एप्रिल २०१५ चा भूकंप आठवतोय ना, ७.८ चा, जवळपास नऊ हजार माणसं गेली. तो शनिवारी दुपारी बारा वाजायच्या जरा आधी झाला आणि नेपाळमध्ये उपासना शनिवारी असते, त्यामुळे कितीतरी विश्वासी उपासना चालू असतानाच गेले. आणि त्याच आठवड्यात बाहेरच्या काही ख्रिस्ती लोकांनी सोशल मीडियावर आता सुवार्तेची (ख्रिस्ताचा संदेश सांगायची) संधी आहे टाइपचं लिहिलं आणि त्यावरून एवढा संताप झाला की ज्यांनी स्वतःची माणसं पुरली त्या नेपाळी ख्रिस्ती लोकांनाच बोलणी खावी लागली. आपण इथे बसून टाकलेला स्टेटस तिथे वाचला जातो, हे युवकांना दहादा सांगा.

थोडा इतिहास पण टीमला सांगून न्या. आम्ही निघायच्या आधीच्या एका रविवारी अर्धा तास घेतो. नेपाळमध्ये १९५१ पर्यंत बाहेरच्यांना जवळपास दारच बंद होतं, आणि १९५२ च्या सुमारास पोखरात रामघाटला जी पहिली मंडळी उभी राहिली ती भारतातून आलेल्या नेपाळी विश्वासी लोकांनी उभी केली, गोऱ्या मिशनऱ्यांनी नाही. नेपाळी बायबल सुद्धा दार्जिलिंगच्या गंगाप्रसाद प्रधानांच्या मेहनतीचं, १९१४ चं. १९५४ मध्ये युनायटेड मिशन टू नेपाळ सुरू झालं ते सरकारशी करार करून, की दवाखाने, शाळा चालवू, धर्मप्रचार नाही, आणि तानसेनचा दवाखाना अजून लोक नावाजतात. १९९० च्या आधी तर बाप्तिस्मा घेतला, दिला म्हणून लोक तुरुंगात गेलेत. २०२१ च्या जनगणनेत ख्रिस्ती पाच लाख बारा हजार, म्हणजे १.७६ टक्के. ही मंडळी त्यांची त्यांनी वाढवलीय. आपण त्यांना काही "द्यायला" चाललोय हे डोक्यातून काढलं की अर्ध्या चुका तिथेच टळतात.

आता निमंत्रण. तिकीट नंतर, निमंत्रण आधी. ओळख कुठून काढायची तर आपल्या पुण्यातच यूबीएस आहे, युनियन बिब्लिकल सेमिनरी, जी १९८३ मध्ये यवतमाळहून पुण्याला आली, तिथे नेपाळचे विद्यार्थी पण शिकायला येतात. अशा एखाद्या माणसाला आधी घरी जेवायला बोलवा. दोन-तीन वेळा जेवण झालं, गप्पा झाल्या की मग विचारा तुमच्या गावाला आम्ही आलो तर चालेल का. फेसबुकवर "प्लीज कम ब्रदर, वी हॅव मेनी ऑर्फन्स" असे मेसेज येतात त्यांना घाईने हो म्हणू नका, त्यावर पुढे येतोच.

आणि काय हवंय ते विचारा. पहिलं उत्तर येणार, "तपाईंहरू आउनुस् मात्र", म्हणजे तुम्ही नुसते या. हे खरं उत्तर नाही. आपल्याकडे पण पाहुण्याला कुणी तोंडावर नको म्हणत नाही ना, तसंच. परत विचारा, वेगळ्या पद्धतीने विचारा, पाळकीणबाईंना (पास्टरच्या बायकोला) विचारा, म्हणजे आपल्या टीममधल्या एखाद्या आंटींनी त्यांना फोन करायचा. आम्हाला तिसऱ्या ट्रिपच्या आधी असं कळलं की त्यांना गाणी-नाटक काही नको होतं (नेपाळी पोरं आपल्यापेक्षा कितीतरी भारी गिटार वाजवतात, मी तेव्हापासून गिटार नेणं बंद केलं), त्यांना हवं होतं मंडळीचा हिशोब कसा ठेवायचा ते शिकवणारं कुणीतरी आणि संडे स्कूलच्या टीचरांसाठी तीन दिवसांचं ट्रेनिंग. मग आम्ही बँकेतून रिटायर झालेले एक अंकल आणि २० वर्षं संडे स्कूल घेणाऱ्या दोन आंटी नेल्या. दिसायला एकदम साधी ट्रिप, मंडळीत दाखवायला धड फोटो पण नाहीत, पण ती वही अजून चालू आहे.

भिंती रंगवायला जाऊ नका. खरंच. तिकिटाच्या पैशात तिथला पेंटर आठवडाभर कामाला लावता येतो आणि तो आपल्यापेक्षा चांगलं रंगवतो.

मेडिकल कॅम्प हा सगळ्यांचा आवडता विषय. टीममध्ये डॉक्टर असेल तर त्यांनी लगेच स्टेथोस्कोप काढून बसायचं नसतं, बाहेरच्या डॉक्टरला नेपाळ मेडिकल कौन्सिलची तात्पुरती नोंदणी लागते, आणि ती काढायला वेळ लागतो. सोपा मार्ग म्हणजे तिथल्या एखाद्या दवाखान्याने ठेवलेल्या कॅम्पमध्ये मदतीला जाणं, आणि डॉक्टर असलात तरी नोंदणी नसेल तर रांग लावणं, कागद भरणं, पोरांना सांभाळणं एवढंच करणं. इथून औषधांची खोकी भरून नेऊ नका, भन्सारवर अडकतात (भन्सार म्हणजे कस्टम, हा शब्द पाठ करा, बॉर्डरवर सगळीकडे दिसतो). औषधं तिथेच मिळतात.

आता ते अनाथाश्रमाचं. हे वाचून काही लोक माझ्यावर चिडणार आहेत पण चिडा. नेपाळमध्ये बालगृहात असलेल्या बहुतेक मुलांचे आई किंवा वडील, कधी दोघंही जिवंत असतात. १९९६ ते २००६ च्या यादवी युद्धाच्या काळात हुम्लासारख्या लांबच्या जिल्ह्यांतून दलालांनी शाळेचं आमिष दाखवून मुलं काठमांडूला आणली, आईबापांकडून पैसे घेतले आणि मग पाहुण्यांसमोर तीच मुलं अनाथ म्हणून उभी केली. युनिसेफने सुद्धा सांगितलंय की असं येऊन-जाऊन स्वयंसेवा करणं मुलांना बाधतं. विचार करा, दर महिन्याला नवीन ताई-दादा येतात, मांडीवर घेतात, गाणी शिकवतात, रडून मिठ्या मारतात आणि जातात. आम्ही आता बालगृहात जातच नाही. ज्यांना मुलांसाठी करायचंय त्यांनी मुलाला त्याच्या गावात, त्याच्या घरात ठेवून शिकवणाऱ्या कामाला पैसे द्या, आणि भेटायला न जाता द्या.

टीम किती जणांची? पाच-सहा. आम्ही ११ गेलो होतो आणि एका संडासाला ११ पाहुणे अधिक घरातले सहा, पुढचं तुम्हीच समजून घ्या. पाळकसाहेबांना नेणार असाल तर त्यांना आधीच सांगा की तिथे पहिली खुर्ची, हार, भाषण असं काही होईलच असं नाही.

कागदपत्रं. १९५० च्या भारत-नेपाळ करारामुळे आपल्याला व्हिसा नाही, पण ओळखपत्र लागतं आणि ते म्हणजे पासपोर्ट किंवा निवडणूक ओळखपत्र, ओरिजिनल. आधार चालत नाही प्रौढांना, हे लिहून ठेवा कारण दर वेळी एक जण आधार घेऊन येतोच. १५ च्या आतली मुलं आणि ६५ च्या पुढचे यांना फोटो आणि वय दिसेल असं दुसरं कार्ड चालतं, पण उगाच रिस्क कशाला. निवडणूक कार्डावरचं नाव आणि तिकिटावरचं नाव एकच आहे का तेही बघा, आमच्याकडे कार्डावर एक नाव आणि बाप्तिस्म्याचं दुसरं असा घोळ बऱ्याच घरात आहे.

जायचं कसं तर पैसे असतील तर विमान, नाहीतर पुण्याहून पुणे-गोरखपूर एक्सप्रेस किंवा मुंबईहून एलटीटीची कुशीनगर, साधारण दीड दिवस धरा आणि लेट झाली तर अजून. गोरखपूरहून बसने सोनौली, तिथे चालतच गेटमधून पलीकडे बेलहिया, मग रिक्षाने भैरहवा. तिथून काठमांडूची बस पूर्ण दिवस खाते. घड्याळ पंधरा मिनिटं पुढे करा, हो पंधराच, आणि पहिल्या दिवशी सगळेजण त्यावरून जोक मारतात ते मारून घ्या.

पावसाळ्यात जाऊ नका. जून ते सप्टेंबर दरडी कोसळतात, रस्ते वाहून जातात. जुलै २०२४ मध्ये सिमलतालला दरडीने दोन बस त्रिशूली नदीत गेल्या, आणि त्याच ऑगस्टमध्ये आपल्या जळगाव जिल्ह्यातल्या भाविकांची बस तनहूँमध्ये मर्स्यांगदी नदीत पडली, २७ जण गेले. रात्रीची बस तर कुठल्याच महिन्यात नको. मार्च-एप्रिल चांगला, दसैं-तिहार (त्यांचा दसरा-दिवाळी) संपल्यावरचा नोव्हेंबर पण चांगला. दसैंमध्ये सुट्ट्या असतात म्हणून बऱ्याच मंडळ्या तेव्हा शिबिरं घेतात, बोलावलं तर जरूर जा पण बसची तिकिटं महिनाभर आधी बघायला सांगा कारण अख्खं काठमांडू गावाला निघालेलं असतं, आपल्या गणपतीत कोकणात जायची गर्दी असते तसं. आणि दोन दिवस हातात जास्तीचे ठेवा. सप्टेंबर २०२५ मध्ये काठमांडूत तरुणांचं आंदोलन पेटलं तेव्हा विमानतळ बंद झाला होता, तशात सोमवारी कामावर हजर व्हायचंय असं म्हणून चालत नाही. भारतीय दूतावास काठमांडूत लैनचौरला आहे, नंबर फोनमध्ये आणि कागदावर पण.

पैशाचं सोपं आहे, १९९३ पासून दर फिक्स, आपले १०० म्हणजे त्यांचे १६०. आपल्या १०० च्या आणि त्याखालच्या नोटा न्या. मोठ्या नोटांवर नेपाळने २०१८ च्या शेवटी बंदी घातली होती, नंतर नियम बदलत राहिलेत, त्यामुळे जायच्या आठवड्यात बघून घ्या. यूपीआय २०२४ पासून फोनपे... म्हणजे आपलं फोनपे नाही, तिथलं वेगळं, फोनपेच नाव, त्या क्यूआर कोडवर चालतं, दुकानात चालतं, गावात धरून चालू नका. दान द्यायचं असेल तर पास्टरच्या हातात एकट्याला गुपचूप पाकीट देऊ नका, मंडळीच्या दोन-तीन जबाबदार लोकांसमोर द्या आणि पावती घ्या. पाकिटामुळे मंडळ्या फुटलेल्या बघितल्यात मी, इथे पण आणि तिथे पण. आणि जेवणाखाण्याचा, राहण्याचा खर्च आधीच मोजून वेगळा द्या, कारण ते मागणार नाहीत आणि कर्ज काढून तुम्हाला चिकन खाऊ घालतील.

जेवण म्हणजे डाळ-भात-तरकारी, सकाळी दहाच्या सुमाराला एकदा आणि रात्री एकदा, मध्ये खाजा, म्हणजे चिवडा, मोमो असं काहीतरी. चपातीशिवाय ज्यांचं पान हलत नाही त्यांनी मन तयार करून या. शेंगदाण्याची चटणी न्या, ती तिकडे पण सगळ्यांना आवडते, आमची पहिल्या दोन दिवसात संपली. पानात वाढत राहतात तेव्हा "पुग्यो" म्हणायचं, म्हणजे पुरे, आणि तेही तिसऱ्यांदा म्हटल्यावर ऐकतात. "मिठो छ" म्हटलं की पाळकीणबाई खूश. उष्ट्याचं फार पाळतात, त्याला जुठो म्हणतात, दुसऱ्याच्या पानात चमचा घालू नका, बाटलीला तोंड लावून तीच पुढे देऊ नका. पाणी उकळलेलंच, टायफॉइडची लस डॉक्टरांना विचारून महिनाभर आधी घ्या. आणि ट्रॅव्हल इन्शुरन्स काढा, आपली इथली मेडिक्लेम तिकडे बऱ्याचदा चालत नाही, डोंगरातून पेशंट आणायचा खर्च ऐकलात तर चक्कर येईल.

उपासनेला चपला बाहेर, खाली सतरंजीवर बसायचं, बऱ्याच ठिकाणी एका बाजूला बायका आणि एका बाजूला पुरुष. भेटलं की हात जोडून "जय मसीह". उपासना दोन-अडीच तास सहज चालते. पुरुषांना दाइ, बायकांना दिदी, लहानांना भाइ आणि बहिनी. मंडळीला ते पण मंडलीच म्हणतात, लिपी देवनागरी, त्यामुळे आपल्याला नेपाळी बायबल पहिल्या दिवसापासून मोठ्याने वाचता येतं आणि लोकांना फार कौतुक वाटतं, अर्थ निम्मा कळतो. फक्त शब्द फसवतात. घाम म्हणजे तिकडे ऊन. सकाळी दिदी म्हणाल्या "घाममा बस्नुस्", आमच्या आंटी मला विचारतात, अरे घामात का बसा म्हणतायत ह्या. बोलायला उभे राहिलात तर हिंदीत सावकाश बोला, तराईत हिंदी कळते, डोंगरात दुभाष्या लागतो, आणि दुभाष्या असला की वीस मिनिटांचा संदेश दहा मिनिटांचा तयार करायचा, चाळीसचा होतो नाहीतर.

फोटोचा नियम आमच्या टीममध्ये लेखी असतो. मुलांचे चेहरे नाहीत, बाप्तिस्म्याचे फोटो नाहीत, गावाचं नाव नाही, लोकेशन बंद, आणि परत आल्याशिवाय काहीच अपलोड नाही, आणि परत आल्यावर पण जे टाकायचं ते आधी पास्टर दाइंना पाठवायचं, त्यांनी हो म्हटलं तर टाकायचं. सही घेतो आम्ही यावर. एकदा एकाने तिथूनच स्टोरी टाकली, नाव-गावासकट, त्याला त्याच रात्री काढायला लावली आणि तो दोन दिवस माझ्याशी बोलला नाही.

परत आल्यावर मंडळीत अहवाल द्यायचा असतो. त्यात आकडे सांगायचा मोह होतो, किती जणांनी हात वर केले वगैरे. आम्ही ते बंद केलंय. खर्चाचा हिशोब पै न् पै वाचून दाखवतो, काय काय चुकलं ते सांगतो (चौकातलं ते स्किट पण सांगितलं होतं, वडीलधारी मंडळी गप्प झाली होती), आणि उरलेले पैसे कुठे गेले ते सांगतो. मग टीममधल्या एकाकडे फोन करायचं काम देतो, महिन्यातून एकदा, वर्षभर. शनिवारी करायचा पण त्यांच्या दुपारी दोननंतर, म्हणजे आपल्याकडे पावणेदोन, तोवर उपासना उरकून जेवणं झालेली असतात, आणि पहिली दहा मिनिटं दाइ नुसती हवापाण्याची चौकशी करतात, ती कापायची नाही, खरं काय चाललंय ते त्यानंतर बोलतात.